रोझाल्बाची पेटी: कोरडे रंग घेऊन फिरलेली व्हेनिसची चित्रकर्ती

मला विचारलेला प्रश्न तिपेडी आहे. अठराव्या शतकात रोझाल्बा कारिएरा ही इटालियन चित्रकर्ती एकटी युरोपभर फिरून राजेरजवाड्यांची पोर्ट्रेट कशी काय करत होती. तेलरंग सोडून तिने पेस्टलच, म्हणजे खडूसारख्या कोरड्या रंगकांड्याच, का धरल्या. आणि आज सांगलीत राहणाऱ्या, बंगळूर-दुबईच्या ऑर्डरी खुणावत असलेल्या मुलीला तिच्याकडून काही घेण्यासारखं आहे का. मी गेली एकतीस वर्षं सॉफ्ट पेस्टलमध्ये माणसं काढते, त्यातली बरीचशी लोकांच्या घरी जाऊन. त्यामुळे मधल्या प्रश्नापासूनच सुरुवात करायचा मोह होतोय. पण आधी पहिल्या प्रश्नातला एक शब्द खोडू या: ‘एकटी’. रोझाल्बा एकटी कधीच फिरली नाही. आणि ‘युरोपभर’ हेही जरा सैल झालं. तिचे मोठे प्रवास तीनच. १७२०-२१ मध्ये पॅरिस, १७२३ मध्ये मोडेना, १७३० मध्ये व्हिएन्ना. १६७३ ते १७५७ अशा चौऱ्याऐंशी वर्षांच्या आयुष्यातली सगळी मिळून दोनेक वर्षं. बाकीचा काळ ती व्हेनिसमध्ये, ग्रँड कॅनॉलवरच्या आपल्या घरात बसून काम करत होती. राजेरजवाडे जिने चढून तिच्याकडे येत.

तरीही तिला ‘फिरती चित्रकर्ती’ म्हणायला माझी हरकत नाही. कारण ती फिरली त्याच्या कितीतरी पट तिची चित्रं फिरली, आणि दोघांच्या फिरण्याचं कारण एकच: तिने निवडलेलं सामान हलकं होतं. मला तिच्याबद्दल सांगण्यासारखं मुख्य हेच वाटतं. तिच्या प्रतिभेबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. तिच्या सामानाबद्दल आणि तिच्याबरोबर ते सामान उचलणाऱ्या बायकांबद्दल कमी बोललं जातं.

घर साधंच होतं. वडील आंद्रेआ सरकारी चाकरीतले कारकून. आई आल्बा फोरेस्ती लेस आणि भरतकाम करणारी. तीन मुली: रोझाल्बा थोरली, मग जोव्हान्ना आणि आंजेला. मुलगा नाही. घरात चित्रकार बाप असला तर मुलीला कुंचला हाती मिळायचा, ही त्या काळची नेहमीची वाट. रोझाल्बाला तीही नव्हती. ती लेसच्या नमुन्यांपासून सुरू झाली आणि पुढे तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर छोटी चित्रं रंगवू लागली, असं सांगतात. तपकीर तेव्हा फॅशनमध्ये होती, आणि व्हेनिसला येणाऱ्या पाहुण्याला घरी न्यायला काहीतरी लहान, महाग आणि जरा नखरेल हवं असायचं. आजच्या भाषेत ती पर्यटकांसाठी भेटवस्तू करत होती. याचा कमीपणा वाटून घेऊ नका. आमच्यातल्या अर्ध्याजणांनी गणपतीच्या मखरावर आणि लग्नपत्रिकांवर हात बसवलेला आहे.

त्या डब्यांनी तिला हस्तिदंताकडे नेलं. त्याआधी युरोपात लघुचित्रं बहुधा चर्मपत्रावर होत. रोझाल्बाने हस्तिदंताच्या पातळ चकतीवर पाणरंगांनी चेहरे काढायला सुरुवात केली, आणि या रीतीचा पाया तिनेच घातला असं मानतात. हस्तिदंत रंग पीत नाही. ओला कुंचला त्यावर घसरतो, त्यामुळे ठिपक्या-ठिपक्यांनी काम करावं लागतं. पण गालाच्या जागी रंग पातळ ठेवला की खालचा दंत आतून उजळतो आणि कातडीला जी झाक येते ती कागदावर काही केल्या येत नाही. (हीच हस्तिदंती लघुचित्रं शतक संपता संपता इंग्रज चित्रकारांबरोबर मद्रास-कलकत्त्याला उतरली आणि पुढे दिल्लीच्या कारागिरांनी उचलली. दिल्लीचे म्हणून ज्या बादशहा-बेगमांच्या अंडाकृती तसबिरी आपण पाहतो, त्यांच्या पणजीच्या जागी ही व्हेनिसची बाई आहे असं म्हणायला हरकत नाही.)

चित्र खिशात मावतं, पत्राबरोबर पाठवता येतं. १७०५ मध्ये रोमच्या सेंट ल्यूक अकादमीने तिला सदस्य करून घेतलं, तेव्हा तिने तिथे पाठवलं ते हस्तिदंतावरचं एक लहानसं चित्र: पांढऱ्या कपड्यातली, कबुतर घेतलेली मुलगी. म्हणजे बाई व्हेनिसमध्येच, आणि हातभर अंतरावरून पाहायचं चित्र रोमच्या मोठमोठ्या तैलचित्रांच्या पंगतीत जाऊन बसलं. या निवडीसाठी खटपट करणारा क्रिश्चन कोल हा इंग्रज तिचा मित्र होता, आणि तिला पेस्टलकडे वळवण्यातही त्याचा हात होता.

आता पेस्टल. रंगाची पूड, खडूसारखी पांढरी माती, आणि दोन्ही जेमतेम धरून राहतील इतकाच डिंक. याची कांडी वळून वाळवली की झालं पेस्टल. त्यात तेल नाही, म्हणून काळाबरोबर पिवळेपणा नाही. वाळायचं काही नाही, म्हणून थांबणं नाही. तेलरंगात पोर्ट्रेट करताना एक थर वाळेपर्यंत समोरच्याला ‘परवा या’ म्हणावं लागतं. घराला वास, अंगाला डाग, आणि ओला कॅनव्हास न्यायचा कसा ही चिंता. पेस्टलमध्ये पेटी उघडली की काम सुरू, बंद केली की संपलं. मध्येच जेवायची हाक आली तरी बिघडत नाही. समोर बसणारं माणूस जितकं मोठं तितका त्याला वेळ कमी, हा आमच्या धंद्याचा नियम तीनशे वर्षांपूर्वीही होता. त्या नियमाला पेस्टलइतकं चोख उत्तर दुसरं नाही.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. पेस्टलच्या पृष्ठभागावर रंगाचे कण मोकळे पडलेले असतात. त्यावर तेलाचं किंवा वॉर्निशचं कवच नसतं, म्हणून प्रकाश त्यावरून चमकत नाही, विखुरतो. मखमलीसारखं, पीचच्या सालीसारखं दिसतं. आणि रोझाल्बाच्या समोर जे लोक बसत ते तोंडाला पांढरी पावडर, गालाला लाली आणि केसांच्या टोपावर पुन्हा पावडर लावून बसत. भुकटी लावलेला चेहरा भुकटीनेच काढायचा! तेलरंगवाल्याला जे भासवावं लागे ते तिच्या बोटांखाली आयतंच होतं. त्या काळाला पेस्टल का आवडलं यावर मोठे सिद्धांत आहेत, पण मला हे साधं कारण सगळ्यात पटतं.

तिची चित्रं जवळून पाहायला मिळाली तर लेस पाहा. खालचा कपडा आणि कातडी आधी पूर्ण करून घेतलेली असते. मग पांढरी कांडी आडवी धरून, जवळजवळ दाब न देता, कागदाच्या दाण्यावरून नुसती फिरवलेली. दाण्याच्या टोकांवर पांढरा राहतो, खळग्यांत खालचा रंग दिसतो, आणि जाळी आपोआप तयार होते. त्यावर काही ठिकाणी ओल्या टोकाने जाड पांढरे ठिपके, की झाली फुलांची कड. एकेक धागा काढत बसलेली नाही. आई लेस विणायची आणि मुलगी दोन फटक्यांत ती कागदावर आणायची, हे पाहून मला दर वेळी हसू येतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं लॉर्ड बॉइनचं पोर्ट्रेट या बाबतीत शिकण्यासारखं आहे: कार्निव्हलच्या पोशाखातला तरुण आयरिश सरदार, १७३०-३१ चं काम. लेस काळी आहे, आणि तीही वेगळी दिसते. करून पाहा, मग कळेल किती अवघड आहे ते.

कागद ती निळा वापरायची. निळ्या चिंध्यांपासून केलेला कागद व्हेनिसचे चित्रकार आधीपासून वापरत आले होते. निळा खाली असला की कातडीतल्या सावल्या फुकटात मिळतात. नवशिक्याने पांढऱ्या कागदावर पेस्टल सुरू करू नये असं मी म्हणते ते याच कारणाने. आकारही साधारण ठरलेला, हात-सव्वा हात उंचीचा, कारण वरून काच हवी, आणि मोठी सपाट काच तेव्हा महाग व जड होती. अंगठ्या मिरवणारे हात तिच्या पोर्ट्रेटमध्ये क्वचितच दिसतात. डोकं, खांदे, छाती, बस. यात आळस नाही, हिशेब आहे.

या हिशेबावर व्हेनिसला तिची पेढी उभी राहिली. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक १७०८-०९ च्या हिवाळ्यात व्हेनिसला आला आणि शहरातल्या सुंदर स्त्रियांची चित्रमालिकाच तिच्याकडून करून घेऊन गेला. सॅक्सनीचा युवराज, जो पुढे पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस झाला, तरुणपणी तिच्यासमोर बसला आणि जन्माचा गिऱ्हाईक झाला; सॅक्सनीच्या राजधानीत, ड्रेस्डेनला, त्याने जमवलेल्या तिच्या पेस्टलांचा आकडा दीडशेच्या वर गेला, आणि त्यांच्यासाठी तिथल्या राजसंग्रहात तिच्या नावाचं स्वतंत्र दालन झालं. इंग्लंडची श्रीमंत पोरं शिक्षण पुरं करायला म्हणून इटलीच्या सहलीवर येत, कार्निव्हल बघत, आणि परतताना रोझाल्बाने काढलेला आपला चेहरा घेऊन जात. पुढे लेखक म्हणून गाजलेला होरेस वॉलपोल त्यांतलाच एक. या पाहुण्यांना व्हेनिसमध्ये राहायला दिवस मोजके असत, आणि पेस्टल मोजक्या दिवसांत होत होतं. बाईला बाहेर जावं लागत नव्हतं.

मग ती पॅरिसला का गेली? निमंत्रण जुनं होतं. प्येर क्रोझा नावाचा अतिश्रीमंत सावकार आणि संग्राहक काही वर्षांपूर्वी व्हेनिसला येऊन तिला भेटला होता आणि तेव्हापासून बोलावत होता. १७१९ मध्ये वडील वारले. धाकटी आंजेला चित्रकार जोव्हान्नी आंतोनिओ पेल्लेग्रिनीशी लग्न करून होती, आणि पेल्लेग्रिनीला पॅरिसच्या रॉयल बँकेचं छत रंगवायचं मोठं काम मिळालं होतं. तेव्हा १७२० च्या वसंतात रोझाल्बा निघाली ती आई, जोव्हान्ना, आंजेला आणि मेहुणा असा सगळा गोतावळा घेऊन. वय सत्तेचाळीस. उतरली क्रोझाच्या रिशल्यू रस्त्यावरच्या हवेलीत. राहायचं-खायचं यजमानाकडे, गिऱ्हाईक यजमानाच्या ओळखीतून, आणि सोबतीला घरची माणसं. अठराव्या शतकात अविवाहित बाईने परक्या देशात वर्षभर काम करायचं तर याहून सोयीची रचना मला सुचत नाही.

त्या वर्षाची तिची रोजनिशी टिकली आहे. तिच्या मृत्यूनंतर, १७९३ मध्ये ती छापली गेली. ती वाचायला घेणाऱ्याची निराशा होते, आणि मला ती म्हणूनच आवडते. मनातलं काही नाही. आज अमक्याचं डोकं सुरू केलं, तमकीचं पूर्ण केलं, अमुक माणूस भेटायला आला, अमक्याकडून पैसे आले. आमच्या डायऱ्या अशाच असतात. एका ठिकाणी मात्र ती थोडी थांबते. दहा वर्षांच्या राजा पंधराव्या लुईचं पोर्ट्रेट चालू असताना त्या पोराच्या तीन दुःखांची नोंद तिने केली आहे: बंदूक पडली, पोपट मेला, कुत्री आजारी झाली. बस, एवढंच. लहान मुलाला मॉडेल म्हणून बसवलेल्या कुणालाही ती बैठक डोळ्यांसमोर दिसेल. ते पोर्ट्रेट बघा, मुलगा किती शहाण्यासारखा बसला आहे! कितीदा उठला असेल ते चित्र सांगत नाही.

फ्रान्सचा कारभार तेव्हा पाहणारा ऑर्लेआंचा ड्यूकही अचानक येऊन अर्धा तास तिचं काम पाहत बसला, हेही रोजनिशीत आहे. कोरडे रंग असल्याने लोकांना बघायला मजा येते. चेहरा त्यांच्या डोळ्यांदेखत वर येतो. पेस्टल हा थोडासा तमाशाही आहे. आपल्याकडे जत्रेत, हुरडा पार्टीत, आता लग्नाच्या हॉलमध्ये दहा मिनिटांत चेहरा काढून देणारे असतात, त्यांना विचारा.

बाहेर पॅरिसमध्ये मात्र आग लागली होती. ज्या बँकेचं छत पेल्लेग्रिनी रंगवत होता ती जॉन लॉ या स्कॉटिश माणसाची बँक. त्याने कागदी नोटा आणि मिसिसिपी कंपनीचे शेअर यांचा जो डोलारा उभारला होता तो नेमका १७२० च्या उन्हाळ्यात कोसळायला लागला. नोटा बदलायला आलेल्या गर्दीत माणसं चिरडून मेली. वर्ष संपता संपता लॉ देश सोडून पळाला. पेल्लेग्रिनीचं छत पुढच्या काही वर्षांत पाडलंही गेलं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. मेहुण्याचं काम भव्य, भिंतीला चिकटलेलं, एका गिऱ्हाइकावर अवलंबून. ते गिऱ्हाइकाबरोबर बुडालं. मेहुणीची पेटी मांडीवर मावणारी, गिऱ्हाइकं पन्नास. ती त्याच वर्षात आयुष्यातलं सगळ्यात मोठं नाव कमावून बसली. लॉच्या मुलांची पोर्ट्रेटही तिने केली होती. गंमत म्हणजे तो लॉ अखेर व्हेनिसलाच येऊन राहिला आणि १७२९ मध्ये तिथेच वारला.

२६ ऑक्टोबर १७२० रोजी फ्रान्सच्या रॉयल अकादमीने तिला सदस्य करून घेतलं. याचं वजन कळायला एक संदर्भ लागतो: त्याच अकादमीने १७०६ मध्ये यापुढे बायकांना घ्यायचं नाही असा ठराव केला होता. रोझाल्बासाठी तो बाजूला ठेवला, पण हिच्यावरून पायंडा पडू नये असंही लिहून ठेवलं. आपल्याकडच्या संस्थांत काम केलेल्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. १७२२ मध्ये मार्गारेता हावरमान या डच चित्रकर्तीला घेतलं, पण पुढच्याच वर्षी काढून टाकलं. त्यानंतर पुढच्या बाईसाठी दार उघडलं ते १७५७ मध्ये, म्हणजे रोझाल्बा गेली त्या वर्षी. प्रवेशासाठी द्यायचं चित्र तिने व्हेनिसला परतल्यावर पाठवलं, अपोलोच्या परिवारातली एक अप्सरा. ते आता लूव्रमध्ये आहे.

पॅरिसच्या मुक्कामातलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं प्रकरण फ्रेंच चित्रकार आंत्वान वातोचं. दोघांना एकमेकांच्या कामाची ओढ होती, जाणंयेणं झालं, आणि १७२१ च्या फेब्रुवारीत तिने क्रोझासाठी वातोचं पोर्ट्रेट घेतलं. वातो क्षयाने पोखरलेला होता. त्याच जुलैत वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेला. इटलीतल्या त्रेव्हिसोच्या संग्रहालयात एक पेस्टल आहे, ते त्याचंच मानतात. गालांवर नेहमीची लाली आहे. ती लाली पावडरीची की तापाची, हे मी ठरवू शकलेले नाही.

मार्च १७२१ मध्ये ती घरी निघाली. पॅरिसने तिला ठेवून घेतलं असतं, पण ती थांबली नाही. मागे राहिली पेस्टलची लाट. मोरिस कांतँ द ला तूर तेव्हा सोळा वर्षांचा पोरगा होता. पुढे फ्रेंच पेस्टलचा तो सम्राट झाला, आणि ज्या वाटेने गेला ती वाट एका व्हेनिसच्या बाईने एका वर्षात झाडून ठेवली होती.

मोडेनाचा प्रवास लहान, पण सांगण्यासारखा. १७२३ मध्ये तिथल्या ड्यूकला आपल्या तीन उपवर मुलींची चित्रं हवी होती, आणि एकेकीच्या अनेक प्रती, कारण त्या वेगवेगळ्या राजघराण्यांत पाठवायच्या होत्या. थोडक्यात, दाखवायचे फोटो. मुलगी गोड दिसली पाहिजे आणि ओळखूही आली पाहिजे, नाहीतर पुढे भांडण. तिघींपैकी एन्रिकेत्ताचं १७२८ मध्ये पार्माच्या ड्यूकशी लग्न झालं. श्रेय पेस्टलचं किती आणि हुंड्याचं किती, देव जाणे.

व्हिएन्नाला १७३० मध्ये जोव्हान्नाबरोबर सहाएक महिने. सम्राट सहावा चार्ल्सचा दरबार, सम्राज्ञीला धडे, आणि कवी मेतास्तासिओ, जो त्याच वर्षी तिथे दाखल झाला होता, त्याचं सुंदर पोर्ट्रेट. तिथला एक किस्सा सांगतात: सम्राट तिला पाहून शेजारच्याला म्हणाला, चित्रकर्ती हुशार असेल, पण दिसायला फारच कुरूप आहे. खरं-खोटं बाजूला ठेवा; तिला आपल्या रूपाबद्दल भ्रम नव्हता, हे तिच्या आत्मचित्रांवरून दिसतं. दुसऱ्यांच्या हनुवट्या ती हळूच सावरायची, स्वतःची कधी नाही. फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहातल्या आत्मचित्रात तिने आणखी एक गोष्ट केली आहे. मेदिची घराण्याने चित्रकारांची आत्मचित्रं जमवली होती, त्यात जागा मिळणं हा मोठा मान. त्या चित्रात रोझाल्बाच्या हातात एक पूर्ण होत आलेलं पोर्ट्रेट आहे, आणि ते कुठल्या राजाचं नाही. बहिणीचं, जोव्हान्नाचं आहे.

जोव्हान्ना कोण होती? तीही चित्र काढायची. ठिपक्यांचं काम, कपडे, पार्श्वभूमी, प्रती, यांत तिचा हात असे. हिशेब, घर, प्रवासाची बांधाबांध, सगळ्यात ती. दोघींनीही लग्न केलं नाही. घरात शिकायला, मदतीला मुली असत. त्यांतली फेलिचिता सार्तोरी पुढे लघुचित्रकार म्हणून स्वतःच ड्रेस्डेनच्या दरबारी गेली. ‘एकट्या प्रतिभावान स्त्री’ची कहाणी लोकांना आवडते, पण मी पाहते तेव्हा मला एक चालतं घर दिसतं, बायकांचं, ज्याची दर्शनी पाटी रोझाल्बाच्या नावाची होती. १७३७-३८ च्या सुमारास आधी जोव्हान्ना, मग आई गेली, तेव्हा तिचा हात बरेच दिवस उचलला नाही. पेल्लेग्रिनी वारल्यावर आंजेला परत येऊन तिच्याजवळ राहिली.

मग डोळे गेले. १७४६ च्या सुमाराला मोतीबिंदूने दिसेनासं होऊ लागलं. शस्त्रक्रिया झाल्या, भुलीशिवाय, जागेपणी, सुईने भिंग बाजूला ढकलायची ती शस्त्रक्रिया. काही काळ दिसलं, मग पूर्ण अंधार. ऐन तरुणपणात हस्तिदंतावर भिंगाखाली काढलेल्या चेहऱ्यांनी डोळे खाल्ले असं म्हणायची पद्धत आहे. मोतीबिंदू तसा होत नाही. दृष्टी जाण्याच्या आसपासचं एक आत्मचित्र व्हेनिसच्या अकादमी गॅलरीत आहे. पांढरे केस, डोक्यावर पानांचा मुकुट, नजर समोर पण कुणावर नाही. रंग जवळजवळ सगळे काढून घेतलेले. पावडर, लाली, लेस, सगळं येत असलेल्या बाईने शेवटी त्यातलं काहीच वापरलं नाही. १७५७ च्या एप्रिलमध्ये ती गेली आणि तिला जोव्हान्नाशेजारी पुरलं.

आता तिसरा प्रश्न, तुमचा खरा प्रश्न. पेस्टलचा एक उलटा स्वभाव तिच्या प्रकरणात नीट दिसतो: पेटी कुठेही जाते, चित्र जायला कुरकुरतं. ड्रेस्डेनच्या त्या दीडशेंपैकी आज सत्तरहून थोडी अधिक तिथे आहेत. २०२३ मध्ये तिच्या जन्माला साडेतीनशे वर्षं झाली तेव्हा मोठं प्रदर्शन ड्रेस्डेनलाच भरलं, कारण धक्क्याने कण सुटतात म्हणून अशी चित्रं फार हलवत नाहीत. मी हे पुस्तकातून शिकले नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी पुण्याहून नागपूरला एक आजीबाईंचं पोर्ट्रेट पाठवलं. काच फुटेल म्हणून अॅक्रिलिक शीट लावलं होतं. अॅक्रिलिकवर घर्षणाने वीज साठते, आणि ती पेस्टलची भुकटी ओढून घेते. पार्सल उघडलं तेव्हा आजीबाईंची अर्धी शाल शीटच्या आतल्या बाजूला होती. पुन्हा जाऊन, त्यांच्या दिवाणखान्यात बसून दुरुस्त केलं. येण्याजाण्याचा खर्च माझा.

म्हणून: शक्य तिथे चित्र पूर्ण करून तिथल्याच फ्रेमवाल्याकडून साधी काच लावून घ्या, चित्र आणि काचेच्या मध्ये पट्टीने अंतर ठेवून. कुरिअरच करायचं तर सपाट, चेहरा वर, आणि दोन पाट्यांमध्ये गुळगुळीत ग्लासिन कागद घट्ट दाबून, जेणेकरून काही सरकणार नाही. फिक्सेटिव्हचा, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, फवारा जपून, नाहीतर सगळा उजेड बसतो आणि चेहरा आजारी दिसतो. कोकणात किंवा मुंबईत चित्र राहणार असेल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा, बाहेरच्या भिंतीवर लावू नका. पावसाळ्यात ती ओल धरते, आणि डिंक व कागद ही बुरशीची मेजवानी आहे. दुबईला उलट, एसीची हवा कोरडी, पेस्टल सुखात राहतं. विमानात पेटी हातातल्या बॅगेत ठेवा, कांड्यांच्या मध्ये तांदळाचं जाडसर पीठ भरा. पोचल्यावर चाळून टाकायचं, कांड्या स्वच्छ निघतात.

मुक्काम गिऱ्हाइकाकडे किंवा त्याच्या ओळखीत मागायला लाजू नका. क्रोझाच्या हवेलीत उतरण्याने रोझाल्बाची किंमत कमी झाली नाही, वाढली. एका घरी आठवडा राहिलात तर शेजारची तीन कामं तिथल्या तिथे मिळतात. रोजनिशी तिच्यासारखी ठेवा: तारीख, नाव, बैठक कितवी, पैसे आले की नाही. एका मोठ्या बिल्डरचं लॉबीभर म्यूरल आणि पाच घरांची पाच डोकी यांत निवडायचं झालं तर पेल्लेग्रिनीचं छत आठवा. बहीण, मैत्रीण, वहिनी, जिला हिशेब कळतो आणि जी गिऱ्हाइकाशी गप्पा मारत त्याला खुर्चीत बसवून ठेवू शकते, तिला बरोबर न्या आणि तिचं तिकीट दरात धरा.

आणि हातांचे पैसे वेगळे सांगा, पहिल्याच फोनवर. काम सुरू झाल्यावर प्रत्येकालाच अंगठी दाखवायची असते.